शैवाल गाळणी (मत्स्यालय)

शैवाल गाळणी किंवा अल्गी स्क्रबर हे मत्स्यालयाच्या पाण्यात साठत जाणारी नायट्रोजनयुक्त व फॉस्फरसयुक्त द्रव्ये शैवालाच्या वाढीद्वारे काढून घेणारे साधन होय. खरखरीत पडद्यावरून पाण्याचा पातळ प्रवाह अखंड वाहता ठेवला जातो, पडद्यावर तीव्र प्रकाश पाडला जातो आणि त्यावर उगवलेले शैवाल ठरावीक दिवसांनी खरवडून टाकीबाहेर काढले जाते. जे शैवाल काचेवर आणि दगडांवर वाढून मत्स्यपालकाला हैराण करते, त्यालाच एका ठरलेल्या जागी अधिक सोयीची परिस्थिती द्यायची आणि तेथून ते उचलून न्यायचे, हे या साधनामागील सूत्र आहे. तयार गाळण्या विकत मिळतात. तथापि भरतकामाची प्लास्टिकची जाळी, पीव्हीसी नळ, लहान पंप व दोन दिवे एवढ्या साहित्यात हे साधन घरी बनवता येत असल्याने त्याचा प्रसार मुख्यत्वे हौशी मत्स्यपालकांच्या हातून झाला.

नाव

इंग्रजीतील ‘स्क्रब’ या क्रियापदाचा अर्थ घासून स्वच्छ करणे असा आहे. या साधनात पाणी घासले जात नाही आणि कापडातून गाळावे तसे गाळलेही जात नाही. पाण्यातील तरंगता गाळ या गाळणीत अडकत नाही, किंबहुना तो अडकावा अशी अपेक्षाही नसते. पाण्यात विरघळलेली, डोळ्यांना न दिसणारी द्रव्ये वनस्पतीच्या शरीरात जातात एवढेच येथे घडते. त्यामुळे ‘गाळणी’ हा मराठी शब्द काटेकोर नाही, पण मत्स्यपालकांच्या बोलण्यात ‘फिल्टर’ या शब्दाला जी व्याप्ती आहे ती लक्षात घेता तो चालण्यासारखा आहे. ‘शैवाल’ हा संस्कृत शब्द असून रोजच्या मराठीतील ‘शेवाळ’ त्याच्याच घराण्यातला. विहिरीच्या पायऱ्यांवरचे, पाय घसरवणारे शेवाळ आणि या पडद्यावर वाढवले जाणारे शैवाल यांत जातींचा फरक असला तरी त्यांच्या गरजा त्याच आहेत : ओल, उजेड आणि पाण्यातून मिळणारे खत.

कार्यतत्त्व

टाकीत घातलेले खाद्य, मग ते माशांनी खाल्लेले असो वा तळाशी कुजलेले, शेवटी पाण्यातच विरघळते. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट बरेच कमी विषारी असते, पण ते साठत राहते. स्पंज, चिनी मातीच्या नळ्या यांसारखी नेहमीची जैविक गाळणसाधने या साखळीला नायट्रेटपर्यंत आणून सोडतात. त्यापुढचा उपाय म्हणजे वरचेवर पाणी बदलणे. फॉस्फेटच्या बाबतीत तर जिवाणूंची अशी साखळीही नसते. खाद्यातून आलेले फॉस्फेट पाण्यात, वाळूत व दगडांच्या पृष्ठभागावर मुरत राहते.

शैवालाला हीच द्रव्ये वाढीसाठी हवी असतात. अमोनियाच्या रूपातील नायट्रोजन ते सर्वात आधी उचलते, नायट्रेट त्यानंतर. प्रकाशसंश्लेषणात ते कार्बन डायऑक्साइड वापरून ऑक्सिजन सोडते. पडद्यावरचे शैवाल खरवडून बाहेर काढले की त्याच्या पेशींत बांधले गेलेले नायट्रोजन व फॉस्फरस टाकीतून कायमचे जातात. हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा आहे. वाढलेले शैवाल काढलेच नाही तर ते जागीच मरते आणि घेतलेले सगळे पाण्याला परत देते.

सागरी प्लवकांमध्ये कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १०६ : १६ : १ असते. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांच्या नावाने ते ओळखले जाते. तळाला चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी ॲटकिन्सन व स्मिथ यांनी १९८३ मध्ये ५५० : ३० : १ असे प्रमाण दिले. म्हणजे असे शैवाल फॉस्फरसच्या मानाने नायट्रोजन बरेच अधिक वापरते. गाळणी बसवल्यावर नायट्रेट झपाट्याने उतरले आणि फॉस्फेट मात्र रेंगाळले, ही हौशी लोकांची नेहमीची तक्रार यावरून समजण्यासारखी आहे. दगडांत मुरलेले फॉस्फेटही याच काळात हळूहळू पाण्यात उतरत असते, त्यामुळे चाचणीतला आकडा काही आठवडे हलतच नाही असे दिसते.

इतिहास

या पद्धतीचे जनक वॉल्टर एडी हे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ होत. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींचा अभ्यास करताना त्यांचे लक्ष दगडांवरील आखूड, हिरवळीसारख्या शैवालथराकडे गेले. मासे हा थर सतत कुरतडत असल्याने तो कधीच उंच दिसत नाही, परंतु त्याची वाढीची गती फार मोठी असते. येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांमुळे त्याला सतत ताजे पाणी मिळते आणि धाग्यांची हालचाल होऊन प्रत्येक धाग्यावर आळीपाळीने प्रकाश पडतो. एडी यांनी हीच परिस्थिती यंत्राने निर्माण केली. त्यांच्या मूळ रचनेत जाळी आडवी असे आणि पाणी भरले की आपोआप कलंडणाऱ्या भांड्यातून तीवर लाटेसारखा लोंढा येई. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात १९८० मध्ये मांडलेली जिवंत प्रवाळभित्ती याच पद्धतीवर चालवली गेली. १९८२ मध्ये त्यांना या साधनाचे अमेरिकी एकस्व मिळाले. कॅरन लव्हलँड यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘डायनॅमिक अक्वेरिया’ (१९९१) या ग्रंथात पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे.

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या प्रवाळ-मत्स्यालयातही शैवालाच्या गाळण्या बसवल्या होत्या. ॲरिझोनातील बायोस्फिअर २ या बंदिस्त प्रकल्पाच्या कृत्रिम समुद्रासाठीही त्या वापरल्या गेल्या. १९९१ ते १९९३ या काळात आत राहिलेल्या चमूच्या कामांत या गाळण्या हाताने खरवडणे हे एक काम होते. मात्र याच काळात घरगुती सागरी मत्स्यालयांत प्रोटीन स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांवर सेंद्रिय द्रव्ये चिकटवून ती फेसाच्या रूपाने काढणारे यंत्र, लोकप्रिय होत गेले. शैवालामुळे पाण्याला पिवळसर छटा येते आणि प्रवाळ नीट वाढत नाहीत असे आक्षेप घेतले गेले आणि शैवाल गाळणी मागे पडली.

२००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिला पुन्हा चलती आली ती रचनेतील एका साध्या बदलामुळे. आडवी जाळी व कलंडते भांडे यांऐवजी चीर पाडलेल्या नळाखाली जाळी उभी टांगायची, पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी धबधब्यासारखे उतरू द्यायचे आणि दोन्ही बाजूंना दिवे लावायचे. हलता भाग पंपाखेरीज एकही उरला नाही, जागा थोडी लागू लागली आणि हॅकसॉ धरता येणाऱ्या कोणालाही ती बनवता येऊ लागली. पुढे हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवण्याचा प्रकारही आला.

आकारमान

पूर्वी टाकीच्या आकारावरून पडद्याचे क्षेत्रफळ ठरवत असत. हा हिशेब दिशाभूल करणारा होता. दोनशे लिटरच्या टाकीत दोन मासे असू शकतात, वीसही असू शकतात. आता दररोज घातल्या जाणाऱ्या खाद्यावरून आकार ठरवण्याचा प्रघात आहे आणि तो अधिक योग्य आहे, कारण पाण्यात जे मिसळते ते खाद्यातूनच येते. रोज गोठवलेल्या खाद्याची एक वडी, अथवा सुमारे ३ ग्रॅम कोरडे खाद्य, यासाठी दोन्ही बाजूंनी प्रकाशित असा सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर पडदा, हा रूढ ठोकताळा होय. मोजताना जाळीची एकच बाजू धरतात. दिवा एकाच बाजूला असेल तर क्षेत्रफळ दुप्पट घ्यावे लागते. गरजेपेक्षा फार मोठा पडदा करणे हितावह नसते. खत अपुरे पडल्याने त्यावर पातळ, पिवळट थर येतो आणि दर आठवड्याचे घासकाम तेवढे वाढते.

पाण्याचा प्रवाह पडद्याच्या रुंदीवर ठरतो, उंचीवर नाही. रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे ताशी सुमारे ५० लिटर पाणी लागते. उदाहरणार्थ, रोज दोन वड्या खाद्य पडणाऱ्या टाकीसाठी १५ सेंमी रुंद व १० सेंमी उंच पडदा पुरतो आणि त्याला ताशी ७५० लिटर पाणी हवे. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवावे लागले की तो बराच घटतो. खरा प्रवाह जाणण्याचा सोपा मार्ग म्हणजे बादली व घड्याळ : ताशी ७५० लिटर प्रवाहात १० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली पाहिजे.

घरगुती बांधणी

जाळीसाठी लोकरीच्या भरतकामात वापरतात ती कडक प्लास्टिकची, इंचाला सुमारे सात छिद्रे असलेली जाळी सोयीची ठरते. कापड, सुतळी किंवा मच्छरदाणीची जाळी चालत नाही. ती एकतर कुजते, नाहीतर शैवालाच्या मुळांना धरायला पुरेसा आधार देत नाही. धातूची जाळी तर पूर्णतः वर्ज्य आहे. विशेषतः तांबे व पितळ यांचे अंश शैवालाला आणि कोळंबी, गोगलगाय यांसारख्या प्राण्यांना मारक ठरतात.

जाळी आहे तशी गुळगुळीत लावली तर पहिलेच पीक प्रवाहाबरोबर वाहून जाते. घरगुती गाळण्या फसण्याचे हे सर्वात सामान्य कारण आहे. करवतीच्या पात्याने जाळीच्या दोन्ही बाजू सर्व दिशांनी इतक्या ओरखडाव्यात की हात फिरवल्यास निवडुंगाच्या काट्यांसारखे बोटांना टोचावे. नुसता पॉलिश पेपर फिरवून हा परिणाम साधत नाही. ओरखडल्यावर सुटलेले प्लास्टिकचे तंतू धुऊन टाकणे आवश्यक असते, अन्यथा ते माशांच्या पोटात आणि पंपाच्या पंख्यात जातात.

वरील उदाहरणातील पडद्यासाठी २० मिमी व्यासाचा पीव्हीसी नळ पुरतो. नळावर पेनाने सरळ रेघ आखून तीवर १५ सेंमी लांब व सुमारे ३ मिमी रुंद चीर पाडतात. चीर वाकडी झाली तर पाणी एका बाजूला जास्त उतरते आणि दुसरी बाजू कोरडी राहते. म्हणून आरंभी ती अंमळ अरुंद ठेवून, पाणी सोडून पाहून, कानशीने हळूहळू रुंद करणे शहाणपणाचे असते. जाळीची वरची कड चिरेत सरकवून केबल टायने नळाला आवळतात. नळाचे एक टोक पंपाच्या नळीला जोडले जाते. दुसऱ्या टोकाची टोपी मात्र चिकटवू नये. चिरेच्या आतल्या बाजूने शैवाल वाढते आणि ते काढण्यासाठी ही टोपी उघडावी लागते. इतर सांधे सॉल्व्हेंट सिमेंटने जोडल्यास ते पूर्ण वाळल्यावर नळातून साधे पाणी खेळवून मगच मत्स्यालयाशी जोडणी करतात.

पडद्याची जागा मुख्य टाकीच्या वर किंवा खालच्या पूरक टाकीच्या वर असते. खालची कड पाण्याला जेमतेम टेकलेली ठेवल्यास पडणाऱ्या पाण्याचा आवाज होत नाही आणि शिंतोडेही उडत नाहीत. खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांचे मीठ दिव्यांवर व जोडण्यांवर पुटासारखे साठते. त्यासाठी पडद्याच्या दोन्ही बाजूंना ॲक्रिलिकचे किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचे तक्ते लावून दिवे त्यांच्या बाहेर ठेवतात. पंप बंद पडल्यावर नळीतले पाणी खाली उतरते, तेवढी मोकळी जागा खालच्या टाकीत राखावी लागते.

दिवे पडद्यापासून सुमारे १० सेंमी अंतरावर असावेत. सीएफएल वापरल्यास पडद्याच्या दर ६ चौरस सेंटिमीटरला एकूण १ वॅट, म्हणजे वरील पडद्याला प्रत्येक बाजूस १२ ते १५ वॅटचा एक दिवा लागतो. एलईडी असल्यास निम्मी शक्ती पुरते. ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून विकला जाणारा २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा किंवा ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा एलईडी योग्य ठरतो. निळसर पांढरा दिवा डोळ्यांना अधिक प्रखर भासतो, पण या कामी त्याची सरशी नाही. सुरुवातीला रोज १० ते १२ तास आणि पडदा रुळल्यावर १८ तासांपर्यंत प्रकाश दिला जातो. हे तास टायमरने मुख्य टाकीच्या रात्रीशी जुळवले तर दुहेरी लाभ होतो. रात्री टाकीतील ऑक्सिजन घटतो व पाण्याचा सामू उतरतो. नेमके त्याच वेळी पडद्यावर प्रकाशसंश्लेषण चालू राहिल्याने ही घट बऱ्याच अंशी भरून निघते.

विद्युत सुरक्षा

पाणी, मीठ, पंप आणि उघडे दिवे एकत्र येत असल्याने या बांधणीत धोका आहे तो मुख्यतः विजेचा. जोडणी आरसीसीबी असलेल्या मंडलावर आणि अर्थिंगसह करणे अत्यावश्यक आहे. वायरीवरून ओघळणारा थेंब थेट सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून प्रत्येक वायरीला सॉकेटच्या पातळीखाली झोळ देऊन मग ती वर नेतात. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. पडदा काढताना, घासताना किंवा टाकीत हात घालताना पंप व दिवे दोन्ही बंद असावेत.

पडदा रुळणे व देखभाल

नव्या पडद्यावर प्रथम तपकिरी किंवा काळपट बुळबुळीत थर येतो. त्यानंतर हिरवे ठिपके आणि अखेर हिरवे धागे दिसू लागतात. खाऱ्या पाण्यात हे बहुधा उल्व्हा, क्लॅडोफोरा व डर्बेसिया या प्रजातींचे असतात. एखाद्या चालू गाळणीवरचे थोडे शैवाल नव्या जाळीवर चोळल्यास आरंभ लवकर होतो. पूर्ण रुळायला चार ते आठ आठवडे लागतात. या काळात आधीची गाळणसाधने बंद करणे माशांच्या जिवावर बेतू शकते. नायट्रेट व फॉस्फेटच्या साप्ताहिक चाचण्यांत उतार दिसू लागल्यावरच ती एकेक करून कमी करावीत, आणि अमोनियाची चाचणी तेव्हाही चालू ठेवावी.

पडद्याचा रंग पाण्याची स्थिती सांगतो. काळसर, तेलकट थर हा खत भरपूर व प्रकाश कमी असल्याचा संकेत असतो. पिवळा, रबरासारखा थर प्रकाश जास्त व खत कमी असल्याचा. गडद पोपटी, केसाळ वाढ अपेक्षित असते.

खरवडणी दर ७ ते १४ दिवसांनी करतात. वाढ जाड झाली की आतल्या थराला प्रकाश मिळत नाही, मुळे मरतात आणि एके दिवशी सगळा गालिचा सुटून खाली पडतो. पडदा टाकीवरच धरून खरवडू नये. फुटलेल्या पेशींतील द्रव पाण्यात उतरतो, आणि पूर्वी आक्षेप घेतला गेलेला पिवळेपणा काही अंशी अशाच हाताळणीतून येतो. पडदा मोरीत नेऊन, साध्या पाण्याखाली धरून, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बोटांनी शैवाल काढतात. जाळीवर पातळ हिरवी झाक मागे ठेवली जाते, म्हणजे पुढचे पीक तिच्यातूनच उगवते. साध्या पाण्याने धुण्याचा आणखी एक उपयोग असा की खाऱ्या पाण्यातील, शैवाल कुरतडणारे सूक्ष्म कवचधारी जीव त्यात मरतात. चिरेतील वाढ जुन्या टूथब्रशने काढतात. पाण्याला छटा आलीच तर सक्रिय कार्बनची पिशवी काही दिवसांत ती घालवते.

धबधब्यामुळे बाष्पीभवन वाढते. पाणी थोडे थंड राहते, पण पातळी रोज उतरते. ती भरून काढताना सागरी टाकीतही गोडेच पाणी घालायचे असते, कारण मीठ उडून जात नाही.

मर्यादा

वीज जाणे हा या साधनाचा कच्चा दुवा आहे. महाराष्ट्रातील अनेक भागांना भारनियमनाचा अनुभव आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत पंप काही तास बंद राहिला की उघड्या पडद्यावरील शैवाल सुकते आणि प्रवाह पुन्हा सुरू होताच मेलेले पीक टाकीत धुतले जाते. अशा वेळी पंप सुरू करण्यापूर्वी पडदा काढून खरवडणे श्रेयस्कर. पंप तुंबून बंद पडला आणि दिवे चालूच राहिले तरीही हेच घडते. जेथे वीज बेभरवशाची आहे तेथे बुडबुड्यांवर चालणारा प्रकार बरा पडतो. त्यात जाळी पाण्यातच राहते आणि हवेचा लहान पंप बॅटरीवरही चालू शकतो.

भारतातील बहुतेक घरगुती मत्स्यालये गोड्या पाण्याची आहेत. गोल्डफिशसारखे भरपूर खाणारे मासे असलेल्या टाकीत गाळणी चांगली चालते. परंतु टाकीत जिवंत पाणवनस्पती लावल्या असतील तर त्या तेच काम करत असतात आणि गाळणी त्यांच्या तोंडचा घास काढून घेते. प्रवाळ टाक्यांसंबंधीचे परदेशी मार्गदर्शन भारतात जसेच्या तसे लागू होत नाही, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये येथे दगडी प्रवाळांना संरक्षण आहे.

माशांच्या रोगांवर दिली जाणारी तांबेयुक्त औषधे शैवाल मारतात. पडद्यावरील संपूर्ण पीक एकाच वेळी मरून आधीच आजारी असलेल्या माशांवर अमोनियाचा भार पडतो. उपचार स्वतंत्र टाकीत करणे हाच यावरचा मार्ग आहे.

काढलेल्या शैवालाचा उपयोग

खरवडलेले ताजे शैवाल शाकाहारी माशांना खाऊ घालता येते. सर्जन मासे ते आवडीने खातात. अर्थात खाऊ घातलेला भाग टाकीबाहेर गेला असे धरता येत नाही. उरलेले शैवाल झाडांच्या कुंड्यांत किंवा कंपोस्टमध्ये घालतात. खाऱ्या पाण्यातील असल्यास ते आधी दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे लागते.